आबांची रेघ

दिवाळीचे आकाशकंदील उतरायच्या आत आमच्या मिरजगावच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जायला लागतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, पाण्याची पिंपं, सरपण, एखादी शेळी, आणि त्या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली माणसं. तिकडे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की इकडे आमचा कोरडा पट्टा ऊसतोडीला निघतो. शाळेच्या फाटकाशी उभी राहून मी दरवर्षी ते बघते. इतरांना त्या ट्रॉलीत नुसती माणसं दिसतात. मला त्यात चेंडू टाकणारी एक पिचर दिसते, दोन फिल्डर दिसतात, आणि मी बोटांवर मोजायला लागते की आता तिसऱ्या बेसवर उभं कोण राहणार.

मी खेळाची शिक्षिका नाही. मराठी शिकवते. ही मोजदाद माझ्या बोटांवर कुठून आली हे सांगायचं तर आधी जरा कोरियाला जाऊन यावं लागेल.

माझी लेक ऋतुजा पुण्यात शिकते. सुट्टीला येते ती मोबाईलमध्ये एक अख्खा परदेश घेऊनच. या दिवाळीत तिनं मला धरून बसवलं. म्हणाली, "आई, ही सिरियल तुझ्यावरच काढलीय. बघ तर." कोरियाची मालिका, पण हिंदीत बोलणारी. त्यात एक बेसबॉलचा संघ, कायम तळाला. तो सांभाळायला एक कोटवाला माणूस नेमतात, आणि या गृहस्थाला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. गंमत अशी की मालिका खेळाची आणि सामने जवळजवळ नाहीतच. सगळं घडतं ते हंगाम संपल्यावर, थंडीत, मैदान ओस पडलेलं असताना. कोणाला ठेवायचं, कोणाची समजूत काढायची, संघ बुडवायला निघालेल्या वरच्या मंडळींशी कसं भांडायचं. तिथली माणसं रडायच्या आधी शेवया खातात आणि रडून झाल्यावरही खातात, एवढं सोडलं तर मला त्यात परकं काही दिसेना. पडद्यावर ते रिकामं मैदान आलं तेव्हा मी म्हटलं, "थांबव जरा."

"का गं?"

"चहा ठेवते."

चहा कसला ठेवतेय, मला डोळे पुसायचे होते.

मुलींचा सॉफ्टबॉल संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक बाई पाहिजे, असा शाळेचा शिरस्ता. म्हणून माझ्या नावापुढे 'मॅनेजर' लागलं. मला वाटलं, एसटीत खिडक्या उघडायच्या, उलट्या करणाऱ्यांना लिंबू द्यायचं, सेफ्टी पिना पुरवायच्या, झालं. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू थोडा मोठा, आणि टाकायचा तो हात खालून गरकन फिरवून. नाव सॉफ्ट, पण पहिल्याच दिवशी तो माझ्या नडगीवर बसला तेव्हा हे नाव ठेवणाऱ्याचा मी मनसोक्त उद्धार केला. आमचे क्रीडाशिक्षक शेळके सर हसू दाबत म्हणाले, "मॅडम, मॅनेजरनं रेघेच्या बाहेर उभं राहायचं असतं." शेळके सर बुटके. आवाज मात्र असा की मिरजगावच्या स्टँडवर गाडी थांबावी.

आमचा संघ हरायचा. नुसता हरायचा नाही, हरण्याला सरावलेला होता. पहिली मॅच संपायच्या आतच मुली एकमेकींना विचारायच्या, भेळवाला कुठं बसलाय. यात त्यांची चूक नव्हती. शेळके सर आषाढ-श्रावणात चिखलात घोटून घोटून संघ तयार करायचे, आणि जिल्ह्याचे सामने यायचे दिवाळीनंतर. तोवर निम्मा संघ ट्रॉलीत बसून फडात गेलेला असायचा. मग उरल्यासुरल्या मुली गोळा करायच्या, ग्लोव्ह कुठल्या हातात घालतात ते शिकवायचं आणि श्रीरामपूरला जाऊन मार खाऊन यायचं. सर दरवर्षी संघ उभा करायचे, आणि दरवर्षी थंडी तो उचलून न्यायची. हा माणूस वेडा आहे, असं मला सुरुवातीला प्रामाणिकपणे वाटायचं.

त्या वर्षी, दहा-बारा वर्षं झाली असतील, हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, "शेळके, यंदा एक तरी मॅच जिंका. नाहीतर हा खेळ बंद. त्या कोपऱ्यात सायकल स्टँड करू." सर बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, यंदा आपल्याकडं कोमल हाय." ते चिडले किंवा आनंदले की त्यांच्या तोंडून गावचं 'हाय' निघायचं. त्या दिवशी दोन्ही होतं.

कोमल नववीत होती. शिडशिडीत, उंच, सगळी बापावर गेलेली. वर्गात मान खाली घालून बसायची आणि निबंधात चार ओळींच्या पुढे कधी जायची नाही. पण चेंडू हातात आला की तिचा खांदा मागं जायचा, हात एक पूर्ण फेरा घ्यायचा, आणि समोर बसलेल्या जयाच्या ग्लोव्हमध्ये असा आवाज व्हायचा की शिपाई ऑफिसातून बाहेर येऊन बघायचा. जया आमची कॅचर, गावातल्या गिरणीवाल्याची मुलगी. गोल, हसरी आणि अंगावर येणाऱ्या कशालाच न घाबरणारी. या दोघी असल्या की आमचा संघ संघासारखा दिसायचा.

आणि भाऊबीज झाली, आणि कोमलच्या घरापुढं ट्रॉली लागली.

मी गेले होते तिथे. सरांनीच पाठवलं, म्हणाले, बायकांचं बोलणं बायका करतात. कोमलची आई कौसाबाई दोरखंड आवळत होती.

"कौसाबाई, पोरीला ठेवा की. माझ्या घरी राहील. सामने झाले की मी स्वतः तिला तुमच्याकडे आणून सोडते."

त्या थांबल्या. "बाई, तुमच्यावर इस्वास न्हाई असं न्हाई. पन पोर वयात आलीया. आमी तिकडं फडात अन ही हितं, मला रातचा डोळा लागंल का? अन धाकट्याला कोन बगनार? भाकरी कोन टाकनार?"

ऋतुजा तेव्हा सहा-सात वर्षांची होती आणि मी तिला शेजारीसुद्धा सोडत नव्हते. कोमल ट्रॉलीत पेटीवर बसली होती. रडली नाही, हट्ट केला नाही. फक्त म्हणाली, "बाई, बॉल नेऊ का?"

"ने," मी म्हटलं. शाळेची वस्तू होती, पण त्या क्षणी मी मॅनेजर होते.

घरी येईस्तोवर माझं डोकं तापलं होतं. राग कोणावर, ते कळत नव्हतं. कौसाबाईंचं चुकत नव्हतं, सरांचं चुकत नव्हतं, हेडमास्तरांचंही फार चुकत होतं असं नाही. अशा वेळी मला स्वस्थ बसता येत नाही. माहेरी मला त्यासाठी 'विंचू चावलेली' म्हणायचे. भाजी चिरताना डोक्यात आलं की चेंडू तिच्याकडे आहे, हात तिच्याकडे आहे, नाही ती फक्त समोर बसून धरणारी. मग धरणारीला तिकडे न्यायला काय हरकत आहे?

रविवारी सकाळी मी आणि जया मिरजगावच्या स्टँडवर उभ्या. नगरला गाडी बदलली आणि श्रीरामपूरची धरली. त्या वाटेवर एक जागा अशी येते की कुसळं संपतात आणि हिरवं सुरू होतं. मग उसाचे फड, रस्त्यावर सांडलेलं पाचट, चाकाखाली चिरडलेल्या कांड्या, आणि खिडकीतून आत येणारा मळीचा तो आंबट-गोड वास. पहिल्यांदा नाक मुरडावं असा तो वास आहे. आज तो कुठे आला की मला माझा संघ आठवतो आणि बरं वाटतं.

तोडकऱ्यांच्या कोप्या कारखान्याच्या अलीकडे एका पडीक रानात होत्या. बांबूच्या कमानी, वर चटया, दारापुढं चूल, बैलांपुढं उसाच्या शेंड्यांचं वाढं. कोमल धाकट्याला कडेवर घेऊन भाकरी थापत होती. आम्हाला बघून तिचा हात परातीतच राहिला. आणि जया, शहाणी, एका शब्दानं काही न विचारता पिशवीतून ग्लोव्ह काढून म्हणाली, "चल, करपू दे ती भाकरी."

कोप्यांच्या दोन ओळींमधली वाट लांबसडक होती. पाटी मांडली. पाटी म्हणजे जिच्या बाजूला मारणारी उभी राहते ती जागा. आता चेंडू टाकायची रेघ किती लांब? टेप कोणाकडे असणार? सरांनी मला सांगून ठेवलं होतं, "माझ्या पावलांनी तेरा." मी तसं सांगितलं. कोमलचे वडील, आबा, बैलांना पाणी दाखवून आले होते. साडेसहा फूट तर नसतील, पण कोपीत शिरताना कमरेत वाकावं लागणारा माणूस.

"तेरा न्हवं? सरका."

"आबा, सरांच्या पावलांनी तेरा."

"पाऊल म्हंजी पाऊल, बाई. मानसागनिक बदलतं व्हय? आमी रानं मोजतो पावलांनी, ही एवढीशी वाट मोजायची काय घिऊन बसलाव!"

आणि आबांनी शेत मोजतात तशी तेरा ढांगा टाकल्या, टाचेनं जमिनीत रेघ ओढली, आणि विषय संपला. मराठीच्या बाईला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या हिवाळ्यातले रविवार मी कुठल्याही सहलीशी बदलून घेणार नाही. पहिल्यांदा कोमलचे चेंडू जयापर्यंत पोचायचेच नाहीत, अलीकडेच धूळ उडवायचे. तिला वाटायचं, आपला हात गेला. ती दात खाऊन पुन्हा टाकायची. आठवडाभर म्हणे संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की बैलांच्या गव्हाणीवर चेंडू मारत बसायची. हळूहळू पोचायला लागला. मारणाऱ्या मुलीच्या जागी कोणीतरी उभं राहायला हवं, तर फडातून आलेल्या बायका पाळी लावून उभ्या राहायला लागल्या. बॅट एकच आणि ती शाळेत, म्हणून हातात एक जाडजूड ऊस. नऊवारी ओचा खोचलेला, डोक्याला टापर आणि खांद्यावर ऊस रोखून धरलेला. एकदा कौसाबाईंनी तो असा फिरवला की चेंडू कोपीवरून पलीकडे बैलांत जाऊन पडला, आणि अख्खी टोळी पोट धरधरून हसली. खेळ झाला की त्या बॅटा आम्ही सोलून खायचो. कोरियातल्या त्या कोटवाल्याच्या नशिबी ही चैन नाही.

वरून काजळी पडायची. कारखान्याच्या धुराड्यातून उडालेले काळे कण हळूहळू खाली येऊन केसांवर, चेंडूवर, परातीतल्या पिठावर बसायचे. परतीच्या गाडीत जया माझ्या खांद्यावर झोपायची आणि माझी बरी साडी वाया जायची. नवरा म्हणायचा, "अगं तू मॅनेजर आहेस की तोडकरीण?" मी म्हणायचे, "दोन्ही. जेवायला वाढू का तोडू?"

सामन्याच्या दिवशी श्रीरामपूरच्या मैदानावर समोरचा संघ आला तो एकसारख्या गणवेशात, प्रत्येकीला ग्लोव्ह, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या एका रंगाच्या. आमच्या मुली त्या बाटल्यांकडेच बघत राहिल्या. कोमल परस्पर कोप्यांवरून आली. आणि एकटी आली नाही. रिकाम्या ट्रॉलीत उभी राहून अख्खी टोळी आली होती, अर्ध्या दिवसाची तोड सोडून. आबा, कौसाबाई, कडेवर धाकटा, आणि कुरकुर करत का होईना, खुद्द मुकादम. आमच्या संघाला तोवर कधी प्रेक्षक म्हणून कोणी नव्हतं. सरांनी माझ्याकडे बघत शिट्टी पुसली.

आणि कोमलचा पहिला चेंडू जयाच्या डोक्यावरून गेला.

दुसराही गेला. तिसराही. सॉफ्टबॉलमध्ये चार चेंडू भलतीकडे गेले की समोरची मुलगी न मारताच पहिल्या बेसवर जाऊन उभी राहते. त्या एकामागून एक उभ्या राहत गेल्या, एकीनं दुसरीला पुढं ढकललं, आणि आम्ही काही न करता मागं पडत गेलो. सायकल स्टँड मला डोळ्यांपुढं दिसायला लागला. कशीबशी इनिंग संपली. कोमल येऊन समोर उभी राहिली.

"बाई, पाटी जवळ आलीया."

"जवळ कशी येईल?" सर कडाडले. "नियमाचं अंतर हाय ते! तुम्ही तिकडं किती ठेवलं होतं?"

"तेरा पावलं," मी म्हटलं. "तुमच्या सांगण्याप्रमाणेच."

"कोणाची पावलं?"

मी बोट दाखवलं. सरांनी वळून बघितलं. रेघेपलीकडे सगळ्यांच्या वर डोकं काढून आबा उभे होते. सरांनी आबांचे पाय बघितले. मग स्वतःचे बघितले. आणि कपाळावर हात मारून तो बुटका माणूस असा हसला की पंच बघायला लागले.

"कोमल," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी तेवढा मऊ कधी ऐकला नव्हता, "तू दोन महिने नियमापेक्षा लांबनं टाकतीयेस पोरी. जोर हाय तोच ठेव. फक्त सोडताना जरा आधी सोड."

तिनं मान हलवली. पुढच्या इनिंगला खांदा मागं गेला, हात फिरला, आणि जयाच्या ग्लोव्हमधून तो आवाज आला. मारायला उभ्या मुलीची बॅट फिरली तेव्हा चेंडू येऊन बसलाही होता. तिनं मागं वळून ग्लोव्हकडे बघितलं. मग दुसरी आली, तिनंही बघितलं. टोळीला नियम कळत नव्हते, पण पोरगी जिंकतेय हे कळत होतं. उसाची मोळी ट्रकवर चढवताना जशी आरोळी देतात तशी आरोळी ते प्रत्येक चेंडूला द्यायला लागले. आमच्या मुलींच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, त्यांनी मारलं, पळाल्या, पडल्या, उठल्या. शेवटची मुलगी मारायला आली तेव्हा आम्ही एका धावेनं पुढं होतो.

"कोमेऽऽ," मागून कौसाबाईंचा आवाज आला, "भाकरी करपली तरी चालंल, टाऽक!"

तिनं टाकला.

दुसरी मॅच आम्ही सपाटून हरलो. त्याचं काही नाही. एक जिंकायची होती, एक जिंकली होती. हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी निकाल वाचून दाखवला, सायकल स्टँड विहिरीकडे गेला, आणि सरांनी आमच्या मैदानावर नियमाच्या रेघेमागे आणखी एक रेघ मारली. सराव त्या मागच्या रेघेवरून करायचा. तिला मुली आबांची रेघ म्हणतात. आज जिल्ह्यात आमच्या पिचरच्या नावानं समोरचे संघ दबकतात. हे मी सरळ सांगते आणि मला त्याचा अभिमान आहे, उगाच विनय कशाला? मुली अजूनही ट्रॉलीत बसून जातात, ते आमच्या हातात नाही. पण आता जिथे कोप्या पडतात तिथे रविवारी आमची एक कॅचर जाते, आणि शाळेतली कोणी ना कोणी बाई सोबत जाते. त्यासाठी कोणाला आग्रह करावा लागत नाही.

मालिकेचा शेवटचा भाग राहिला होता. ऋतुजा म्हणाली, "आत्ताच बघू, आई." मी म्हटलं, "राहू दे. शाळेत जायचंय, तूही चल."

झालं असं होतं की सुट्टीत मैदान जेसीबीनं सपाट करून घेतलं आणि जुन्या रेघा सगळ्या गेल्या. सरांनी हट्ट धरला की आबांची रेघ आबांनीच मारायची. सरांचे केस आता पांढरे झालेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. आबांनी तोड सोडून बरीच वर्षं झाली. कोमल नगरला एमआयडीसीत नोकरी करते, दिवाळीला आली होती, तिनं गाडीवरून त्यांना आणलं. जयाही आली, कडेवर मूल आणि तेच हसू. फाटकाबाहेरून ट्रॅक्टर चालले होते.

आबांनी पाटीला टाच लावली आणि निघाले. एका गुडघ्यानं त्यांना दगा दिलाय. पाऊल उचलायला वेळ लागत होता. संघातल्या मुली मनात मोजत होत्या, आम्हीही. तेरावं टाकून ते थांबले. सरांनी सवयीनं टेप लावली, बघितली आणि पुन्हा एकदा लावली.

"काय वो सर? चुकलं का?"

"न्हाई," सर म्हणाले. "बरोबर आलं. नियमाच्या रेघेवर आलं."

आबांना कळलं. त्यांनी पायांकडे बघितलं आणि रेघ मारायच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

तेवढ्यात कोमल पाटीपाशी गेली. ओढणी कमरेला बांधली, टाच लावली आणि ढांगा टाकत निघाली. लांब, सरळ, शेत मोजतात तशा. ती बापाशेजारून गेली, बापाच्या पुढं गेली, आणि तेरावं पाऊल टाकून जिथे उभी राहिली तिथे सर टेप घेऊन पळाले. या वेळी त्यांना आकडा सांगायची गरज पडली नाही, त्यांच्या तोंडावरच होता.

आबा लंगडत तिच्यापाशी गेले. तिच्या टाचेकडे बघितलं, मग वर तिच्या तोंडाकडे. "बगा बाई," ते मला म्हणाले, "जेवढा बाप चुकला हुता, तेवढीच लेक चुकली."

आणि तिच्या टाचेशी वाकून त्यांनी फक्की सोडायला सुरुवात केली.